रोझरी कशी म्हणायची, आणि म्हणताना मन कुठे ठेवायचं

रोझरी म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांची माळेवर म्हणायची प्रार्थना. तिच्या माळेत 59 मणी असतात: 53 लहान आणि 6 मोठे. माळ हातात घेतली की आधी लागतो तो क्रूस. त्याच्या मागे शेपटीसारख्या भागात एक मोठा मणी, तीन लहान, पुन्हा एक मोठा. मग येशूची आई मारिया हिचं पदक, आणि तिथून सुरू होणारा गोल: दहा-दहा लहान मण्यांची पाच दशकं, दोन दशकांच्या मधे एकेक मोठा मणी. मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली, आणि लहान मण्यावर नमो मारिया, म्हणजे मारियेला उद्देशून म्हणायची छोटी प्रार्थना, एवढं लक्षात राहिलं की निम्मं शिकून झालं.

सुरुवात क्रूसाच्या खुणेने करायची. क्रूस बोटांत धरून प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणायचा. नवख्या माणसाला हा भाग लांबलचक वाटतो, पण ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा गाभा त्यात आहे: देव पिता निर्माता आहे; येशू ख्रिस्त त्याचा एकुलता पुत्र, तो कुमारी मारियेच्या पोटी जन्मला, रोमन अधिकारी पंतय पिलाताच्या अमलात क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला; पवित्र आत्मा, पापांची क्षमा, मृतांचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. पुढे माळेवर जे काही म्हटलं जातं ते याच पायावर उभं असतं, म्हणून तो घाईने उरकू नये.

मग पहिल्या मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना. त्यापुढच्या तीन लहान मण्यांवर विश्वास, आशा आणि प्रीती यांसाठी तीन नमो मारिया, नंतर पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचा गौरव. आता दुसऱ्या मोठ्या मण्यावर पहिलं रहस्य (म्हणजे काय, ते पुढे येतंच) सांगायचं, प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि दहा नमो मारिया. दशक संपलं की पुन्हा गौरव. बऱ्याच घरांत त्याला जोडून पोर्तुगालमधल्या फातिमा गावावरून ओळखली जाणारी छोटी प्रार्थनाही म्हणतात. अशी पाच दशकं झाली की मारियेला राणी म्हणून नमस्कार करणारी प्रार्थना, आणि वेळ असेल तर लितानी, म्हणजे एकाने नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी विनंती म्हणायची अशी प्रार्थना.

रहस्य म्हणजे गूढ कोडं नव्हे. येशूच्या किंवा मारियेच्या जीवनातला तो एक प्रसंग. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची पाच रहस्यं पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 साली सुचवली. त्याआधी माळ बारा वर्षांच्या येशूपाशी, म्हणजे तो मंदिरात सापडतो तिथे थांबायची आणि थेट गेथशेमाने बागेत, म्हणजे त्याला अटक झाली तिथे जायची. त्याचा बाप्तिस्मा, शिकवण, प्रभुभोजन सगळं मधे सुटायचं. ती पोकळी या पाच रहस्यांनी भरली.

नामजपाची सवय असलेल्या मराठी माणसाला रोझरी ओळखीची वाटते, आणि तिथेच थोडी फसगत होते. इथे आकड्याला स्वतःचं मोल नाही. ओठांवर तेच शब्द फिरत राहतात ते मनाला एका जागी बसवण्यासाठी, आणि बसलेल्या मनाने तो प्रसंग पाहायचा असतो. एक मणी कमी-जास्त झाला तर काही बिघडत नाही. मणी मोजण्यात जीव अडकला आणि प्रसंग विसरला, तर मात्र रोझरी नुसती पाठ झाली.

गुरुवारचं दुसरं रहस्य घ्या, काना गावातलं लग्न. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आधी एकदा वाचून ठेवा. पहिल्या दोन-तीन मण्यांवर फक्त ते घर डोळ्यांपुढे आणा: पाहुणे बसलेत आणि द्राक्षारस संपलाय. ही गोष्ट मारियेच्या ध्यानात येते. ती येशूला एवढंच सांगते की त्यांच्याकडे द्राक्षारस नाही. काय करायचं ते सांगत नाही. चौथ्या-पाचव्या मण्यावर तिचं नोकरांशी बोलणं ऐका: तो सांगेल ते करा. मग दगडाचे सहा रांजण, काठोकाठ भरलेलं पाणी, आणि ते नेऊन देणाऱ्या नोकरांची धाकधूक. उरलेल्या मण्यांवर आपल्या घरात काय संपलंय ते तसंच, उपाय न सुचवता, येशूपुढे ठेवा.

कॅथलिक लोक मारियेची पूजा करतात का, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही याच प्रसंगात आहे. मराठीत देवाची भक्ती आणि मारियेची भक्ती, दोन्हीकडे शब्द एकच, म्हणून गोंधळ होतो. आराधना फक्त देवाची. मारियेकडे मागायचं ते आमच्यासाठी विनंती कर, एवढंच. नमो मारियाचा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातून आलाय: 28व्या ओवीतलं देवदूताचं अभिवादन आणि 42व्या ओवीतले मारियेची नातलग अलिशिबा हिचे उद्गार. विनंतीचा दुसरा भाग पुढे जोडला गेला आणि 16व्या शतकात त्याचं रूप पक्कं झालं. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळी रोझरी म्हणत नाहीत. गौरवाची शेवटची दोन रहस्यं, मारियेचं स्वर्गोन्नयन (देहासह स्वर्गात घेतलं जाणं) आणि तिला तिथे मिळालेला राणीचा मुकुट, बायबलमध्ये प्रसंग म्हणून सांगितलेली नाहीत. ती चर्चच्या परंपरेतून आली आहेत, हे मोकळेपणाने सांगावं.

चारचौघांत म्हणताना सर्वात मोठी चूक वेगाची. एक जण नमो मारियाचा पहिला भाग म्हणतो, बाकीचे दुसरा; आणि पहिल्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच बाकीचे सुरू होतात. येशूचं नाव येतं ते नेमकं पहिल्या भागाच्या शेवटाशी, म्हणजे ज्याच्यासाठी ही सगळी प्रार्थना, त्याचंच नाव गिळलं जातं. उपाय साधा: येशूच्या नावावर सर्वांनी क्षणभर थांबायचं. शांतपणे म्हटलेल्या एका नमो मारियाला 12 ते 15 सेकंद लागतात, म्हणजे 53 ना 11 ते 13 मिनिटं, आणि सगळं धरून 18-20. आठ मिनिटांत उरकत असेल तर कुठेतरी शब्द खाल्ले जातायत.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, 7 तारखेला रोझरीमातेचा सण. मे महिन्यात वसई-मुंबईच्या गावठाणांत रस्त्याकडेच्या क्रूसापाशी शेजारीपाजारी जमून रोझरी म्हणतात, शेवटी उकडलेले चणे वाटतात. लहान मुलं चण्यांसाठी येतात, येऊ द्यावीत. त्यांना प्रत्येकी एक दशक म्हणायला द्या; पाच मुलांत एक रोझरी होते आणि कुणी पेंगत नाही.

रोज पाच दशकं जमत नसतील तर एकच म्हणा, पण ठरल्या वेळी. अंथरुणावर पडून म्हणायचं ठरवलं की तिसऱ्या मण्याला झोप लागते. जेवणाआधी बसून म्हणा. माळ नसेल तर हाताची दहा बोटं पुरतात. तारेची माळ बहुतेक वेळा पदकापाशी तुटते, कारण तीन बाजूंचा ताण तिथेच येतो. छोट्या पकडीने कडी दाबून घेतली की ती जुळते. रोज वापरायला गाठी मारलेली दोऱ्याची माळ जास्त टिकते. फादरांकडून आशीर्वादित केलेली माळ दुरुस्तीपलीकडे गेली तर कचऱ्यात टाकू नका, बागेत मातीत पुरा.