उत्तर तयार होतं, अर्जदार आले नाहीत

माहिती अधिकाराचं टेबल माझ्याकडे आलं तेव्हा वाटलं होतं, सगळी भांडणं माहिती न मिळाल्याचीच असणार. पण ठाण्यातल्या आमच्या कार्यालयात कपाटाचा एक अख्खा कप्पा वेगळ्याच नस्त्यांनी, म्हणजे फायलींनी, भरलेला होता. माहिती तयार, पानं मोजलेली, शुल्काचं पत्र गेलेलं, आणि अर्जदार पुन्हा फिरकलेच नाहीत. २००५च्या कायद्याने उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे, पण कलम ७(३)प्रमाणे शुल्काचं पत्र गेल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत. अर्जदार आलाच नाही, तर नस्ती तशीच पडून राहते.

मार्चअखेरीला साहेब म्हणाले, जुनं सगळं निकाली काढा. म्हणजे 'नस्तीबद्ध' असा शेरा मारून फाईल बंद करायची. म्हटलं, त्याआधी ज्यांचे नंबर अर्जावर आहेत त्यांना विचारावं तरी. जेवणाच्या सुट्टीनंतर फोन लावायला बसले.

वागळे इस्टेटचे एक काका खुशीत होते. "अहो, अर्ज टाकला आणि पंधरा दिवसांत माणसं येऊन काम करून गेली. आता कागद घेऊन काय करू?" असे बरेच असतात. त्यांना कागद नको असतो, कुणीतरी लक्ष घालायला हवं असतं. कोपरीतला एकजण भाड्याचं घर बदलून भिवंडीला गेला होता, आमचं पत्र 'घर बंद' होऊन परत आलेलं. एका बाईंनी आवाज खाली आणून सांगितलं, "नको ताई. ज्याच्याबद्दल विचारलं तो आमच्याच गल्लीत राहतो." त्यांना मी पुढे काही विचारलं नाही.

मग कळव्याचा नंबर लागला. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या एक मावशी. मी कार्यालयाचं नाव सांगताच म्हणाल्या, "मॅडम, दंड भरते, पण जरा वेळ द्या."

"दंड कसला, मावशी?"

"कलम लावून पत्र आलंय ना, एकशे अडुसष्ट रुपयांचं."

चौऱ्याऐंशी पानं, पानाला दोन रुपये, एवढाच तो हिशोब. कळवा ते ठाणे एकच स्टेशन, त्यांना लगेच यायला सांगितलं. रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून पत्र घेऊन आल्या. ते मी त्यांच्या बाजूने वाचून पाहिलं. वर त्यांचं नाव, मग अधिनियम, कलम, रक्कम, आणि खाली अपिलीय प्राधिकाऱ्याचा पत्ता. रक्कम कशी काढली आणि ती पटली नाही तर कुणाकडे जायचं, हे पत्रात लिहावंच लागतं. ते अर्जदाराच्या भल्यासाठीच आहे. पण कलम, रक्कम आणि अपील हे तीन शब्द मावशींनी आजवर ऐकले ते पोलीस आणि कोर्टाच्या गोष्टींत.

चौऱ्याऐंशी पानं झाली कशी, तेही अर्जात दिसलं. बाहेरच्या टायपिस्टने लिहून दिलं होतं, 'सदर कामाची सर्व कागदपत्रे साक्षांकित प्रतींसह मिळावीत.' विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय?

"डोंगराला भिंत बांधली, ती आमच्या चार घरांच्या अलीकडेच संपली. पावसाळ्यात माती आमच्या ओट्यावर येते. मंजूर तेवढीच होती का पुढेही होती, एवढंच बघायचंय."

नस्ती त्यांच्यापुढे उघडली. कागद प्रत्यक्ष पाहण्याचा हक्क ह्याच कायद्यात आहे, फार थोड्यांना तो ठाऊक असतो. अंदाजपत्रकात लांबी साठ मीटर. झालेलं काम जिच्यात नोंदवतात त्या मोजमाप पुस्तिकेत ती बेचाळीसवर संपत होती. मावशींनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. "म्हणजे आमचीच राहिली." ती दोन पानं त्यांनी मागितली. चार रुपयांची पावती फाडली.

लोकांत चिकाटी नाही, नुसते प्रश्न टाकून मोकळे होतात, असं ऑफिसात चहाच्या वेळी नेहमी बोललं जातं. मला ते मुळीच पटत नाही. ह्या बाई दरवर्षी पावसाळ्यात ओट्यावरची माती उपसतात, त्या प्रश्न विसरतील कशा? त्यांचा प्रश्न एका भिंतीच्या लांबीचा होता. टायपिस्टकडे त्याचा सर्व कागदपत्रांचा झाला, आमच्याकडून रकमेचं पत्र होऊन परत गेला. त्यात त्यांना स्वतःचं असं काही ओळखू आलं नाही.

"मग उरलेली भिंत?" असं त्यांनी विचारलंच. ह्या कायद्याने कागद मिळतात, काम मिळत नाही, त्याला वेगळा अर्ज करावा लागतो, हे सांगितलं. टायपिस्टकडे जाऊ नका म्हटलं. त्यांनी तिथेच बसून स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या, दोन्ही प्रती जोडल्या, आवकला देऊन शिक्क्याची पोच घेतली.

साहेबांना विचारून शुल्काच्या पत्रात आता अगदी वर दोन वाक्यं घातली आहेत: 'हा दंड नाही. आधी कागद पाहून हवी तेवढीच पानं मागता येतील.' ज्यांचे नंबर नाहीत त्यांना हेच पत्र टपालाने जाईल. तोवर त्या कप्प्यातल्या नस्त्यांवर शेरा मारायचा नाही, असं साहेबांशी ठरलं आहे.