डोळे सर्वांत शेवटी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायचं म्हटलं की गणिताच्या सरांचा मार आणि स्नेहसंमेलन ठरलेलंच. त्यावर इतर लिहितीलच. मी सुतारकामाच्या तासाबद्दल लिहितो, कारण शाळेत मी मनापासून काही केलं असेल तर लाकडात एक घोडा कोरला.

घोडाही साधा नव्हे. मान वाकलेली, आयाळ एका अंगाला पडलेली, छातीवर नक्षीचा पट्टा, पाठीवर झालरीचं खोगीर. कागदावरचं चित्र बघून सुतारकामाचे सर म्हणाले, "झकास. पण लाकडाचे तंतू कुठून कुठे जाणार?"

तंतू पायांच्या लांबीला धरून हवेत. आडवे आले की बारीक पाय खडूसारखा मोडतो. वर्गातल्या एकाचं हरीण असंच लंगडं झालं. पण तंतू उभे घेतले की पुढे आलेलं तोंड कच्चं पडतं. म्हणून सरांनी घोड्याची हनुवटी छातीकडे ओढून घ्यायला लावली. तोंड वाचलं आणि घोड्याला ऐटही आली. मजबुतीसाठी केलेला बदल रूपालाही मानवला, याचं मला आजही नवल वाटतं.

ठोकळा शिवण या झाडाच्या लाकडाचा, मधला गाभा टाळून कापलेला. लाकूड वाळताना गाभ्याकडून सालीकडे जितकं आखडतं त्याच्या जवळजवळ दुप्पट वर्तुळांच्या अंगानं आखडतं, त्यामुळे गाभा आत राहिला की तडा जाणारच. पुढे कळलं की टिलमन रीमेनश्नायडर (मृत्यू १५३१) आणि त्याच्या काळचे जर्मन शिल्पकार लिंडेन नावाच्या झाडाच्या लाकडातल्या मोठ्या मूर्ती पाठीमागून पोखरून ठेवत, तेही तडे जाऊ नयेत म्हणूनच. सागवानाचा मान मोठा, पण त्यातली वाळूसारखी सिलिका पटाशीची धार खाते; नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

ठोकळ्याच्या दोन अंगांवर समोरची आणि बाजूची आकृती उतरवायची, करवतीनं फालतू भाग काढायचा, मग पटाशी. पायांमधलं लाकूड शेवटपर्यंत ठेवायचं, नाहीतर हातोड्याचा प्रत्येक ठोका पायांना सोसावा लागतो. नाक-कानांवर जास्तीचा माल राखायचा. हे सगळं मी निमूट पाळलं. जीव अडकला होता तो डोळ्यांत. गालाचा उंचवटा धरला नव्हता, तरी मला डोळा कोरायचा होता. सर पटाशी काढून घ्यायचे. "डोळ्याची खोबण झाली का? मग डोळा कुठे बसवतोस?" एकदा माझी नक्षीची रेघ त्यांनी सरळ तासून टाकली. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललो नाही. पण खाली पोट, खांदा, मांडी नीट नसतील तर वरची नक्षी तो दोष झाकत नाही, उलट नजर तिथेच नेते. हे आज लोकांच्या कामात बघताना चटकन जाणवतं.

आयाळीच्या बटा मात्र मी मनसोक्त कोरल्या. प्रत्येक बटेच्या कडेला आधी खोल उभा छेद द्यायचा, मग तिरक्या हातानं त्या छेदापर्यंत लाकूड सोलत यायचं; छेद दिलेला असला की ढलपी तिथेच सुटते, शेजारची बट उचकटत नाही. बट वळली की तंतूंची दिशाही उलटते, म्हणून एकाच बटेवर दोन्हीकडून काम. पटाशी घसरते तिथे रेघ निस्तेज दिसते. धार चांगली असली की कापलेल्या पृष्ठभागालाच चकाकी येते. सरांना पॉलिशपेपरचा राग होता तो यामुळेच. शिवाय घासल्यावर त्याचे कण लाकडात रुततात आणि पुन्हा कोरायला घेतलं की धार जाते.

घोडा पूर्ण झाला, जवसाचं तेल प्यायला, प्रदर्शनात ठेवला गेला. बक्षीस एका होडीला मिळालं. होडी खरोखरच चांगली होती.

नव्या इमारतीत सुतारकामाची खोली होणार असं ऐकतो. तिची खिडकी बाजूच्या भिंतीत ठेवा. डोक्यावरच्या ट्यूबखाली उंचसखल दिसत नाही, तिरप्या उजेडात दिसतं. आणि पटाश्या पाच कमी घेतल्या तरी चालतील, धार लावायचे दगड चांगले घ्या.