दूध बघायला उठलेली आई : नोंद सातवी

भरिताचा लेख एकदाचा हातावेगळा झाला. पाच खर्डे लागले, त्यातले तीन चुलीत घालण्याच्या लायकीचे.

नव्या मंडळींसाठी माझी पद्धत सांगतो. रात्री आई लसूण सोलत बसते तेव्हा मी खर्डा मोठ्याने वाचतो. कसं वाटलं, असं विचारायचं नाही. आई लेकराला ‘छान’च म्हणणार, त्याचा उपयोग शून्य. ती “मंग?” म्हणाली की समासात टिंब, आणि उठली की फुली.

पहिला खर्डा ‘खानदेशच्या खाद्यसंस्कृतीत भरिताला आगळंवेगळं स्थान आहे’ असा सुरू होत होता. दुसऱ्याच परिच्छेदाला आई “दूध बघून येते” म्हणून उठली. गॅसवर दूध नव्हतंच.

दुसऱ्यात शेतातल्या धुराचं सात ओळींचं वर्णन होतं. मला फार आवडलेलं. फुली.

तिसऱ्याची पहिली ओळ : ‘रात्री साडेनऊला पऱ्हाट्या संपल्या आणि चाळीस वांगी अजून कच्ची होती.’ लसणाची पाकळी हातातच राहिली. “मंग?” पण मी पुढच्याच वाक्यात शेजारच्या शेतातून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, भारा आणून टाकला आणि तिचे हात परत चालू झाले. चौथ्यात तो भारा दोन पानं लांबवला, मधे कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, पाहुण्यांची चुळबुळ सगळं भरलं. तेव्हा ती चिडली, “अरे, वांगी भाजली का नाही ते सांग ना!” पाचव्यात भारा दोन परिच्छेदांनी येतो. तेवढीच वाट बघायला ती राजी आहे. लेखागणिक हे माप बदलेल, पण ते मोजता येतं हेच मला आजवर माहीत नव्हतं.

मधल्या काळात विनोबांची गीतेवरची प्रवचनं पुन्हा काढली. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात 18 रविवारी 18 अध्याय सांगितले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. ऐकणारे कैदीच, उठून जाणार कुठे, असा पाणचट विनोद मी मित्राजवळ केला. तो म्हणाला, अंग तिथेच ठेवून मनाने निघून जाणं कैद्याइतकं कुणाला जमतं? गप्प बसलो. वाचताना अजूनही समोर माणसं बसल्यासारखं वाटतं, ते बहुधा ती निसटणारी मनं धरून ठेवायची होती म्हणूनच.

सध्या केळीवर लिहितोय. इथे अडचण वेगळी. ‘निसवण’ हा शब्द ठेवला तर पुण्याचा वाचक अडखळतो, आणि कंसात अर्थ दिला की धडा वाचल्यासारखं होतं. म्हणून शब्द तसाच ठेवून पुढे लिहिलं : ‘झाड निसवलं, लालसर कमळ पोग्यातून बाहेर डोकावलं.’ ज्याला कळायचं त्याला कळेल.

या खर्ड्याला आई सोडून वडील बसले होते. तीस वर्षं केळी लावलेला माणूस. जूनमध्ये लावलेला मृगबाग मी दिवाळीत निसवला, कारण मला पणत्यांचा उजेड हवा होता. वडिलांनी चष्मा काढून ठेवला. “जूनची लागवड दिवाळीत कुठं निसवते रे?” पुढचं त्यांनी ऐकलंच नाही, हिशेबाची वही उघडली.

पणत्या काढल्यात. आता त्या जागी काय घालावं, सुचत असेल तर कळवा.