इचलकरंजीच्या ईटीपीवर एक फेरी: जिवाणूंच्या खुराकाचा हिशेब

कोल्हापूरहून इचलकरंजी साधारण 30 किलोमीटर. रेल्वेने आलात तर हातकणंगल्याला उतरून रिक्षा करा. प्रोसेस हाऊसचा (कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्याचा) ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, पाहायचा तर साप्ताहिक सुट्टीचा दिवस टाळा, त्या दिवशी नेहमीचं सांडपाणी मिळत नाही. सोबत एक लिटरचा मोजपात्र सिलिंडर, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मीटर, फिल्टर पेपर आणि अमोनिया-फॉस्फेटचं टेस्ट किट असू द्या.

एरेशन टाकीत हवा देऊन जिवाणूंकडून घाण खाववतात; गाळ म्हणजे याच जिवाणूंचे पुंजके. तिथलं पाणी सिलिंडरमध्ये 30 मिनिटं ठेवलं, तरी गाळ 700 मिलीच्या खाली उतरेना. एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात गाळ किती) 3500 मिग्रॅ/लिटर, म्हणजे एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ किती मिली जागा घेतो) 200. दीडशेच्या वर गेला की गाळ फुगलाच समजा. हातमोज्यातूनही तो बुळबुळीत लागत होता. स्लाइडवर इंडिया इंकचा थेंब सोडला, तर काळ्या शाईत गाळाभोवती रुंद पांढऱ्या जागा दिसल्या: चिकट आवरण. खळीचा स्टार्च भरपूर, पण नत्र-स्फुरद अपुरं पडलं की असं होतं.

स्फुरदासाठी डीएपी खत रोज पडत होतं, पण इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे सांडपाणी सुरुवातीला एकत्र साठतं तिथे. पुढे चुना आणि फेरस सल्फेट स्फुरदाला प्रायमरी क्लॅरिफायरच्या (पहिल्या निवळण टाकीच्या) गाळातच बसवत होते. एरेशनपर्यंत ते पोचतच नव्हतं. डोस प्रायमरी क्लॅरिफायरच्या पुढे, पीएच 7-8 वर आणल्यावरच द्या.

बीओडी म्हणजे घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. हिशेब बीओडी:नत्र:स्फुरद 100:5:1 असा. रोज 500 घनमीटर पाणी, बीओडी 400 मिग्रॅ/लिटर, म्हणजे 200 किलो बीओडी. त्याला 10 किलो नत्र, 2 किलो स्फुरद: सुमारे 22 किलो युरिया आणि 85 टक्क्यांचं साडेसात किलो फॉस्फोरिक ॲसिड. प्रिंटिंगचा युरिया पाण्यात आधीच येत असेल तर तेवढा वजा करा. शेतीचा अनुदानित, नीम कोटेड युरिया कारखान्यात वापरणं बेकायदा आहे. टेक्निकल ग्रेडच घ्या.

बाहेर पडणाऱ्या गाळलेल्या पाण्यात लिटरला 1-2 मिग्रॅ अमोनिया-नत्र आणि अर्धा मिग्रॅच्या आसपास स्फुरद उरलं, की डोस बरोबर. फरक दिसायला दोन-तीन स्लज एज (गाळ टाकीत सरासरी जितके दिवस राहतो तो काळ) जाऊ द्या.

सूक्ष्म अन्नद्रव्यांची पावडर मात्र डोळे झाकून ओतू नका. फेरस वापरणाऱ्या ठिकाणी लोह सहसा कमी नसतं, आणि तांबं जास्त झालं तर जिवाणूच मरतात. ब्लीचिंगमधले ईडीटीएसारखे सिक्वेस्टरिंग एजंट धातू बांधून ठेवतात, म्हणून आकडा पुरेसा दिसूनही उपासमार होऊ शकते. आधी एक-एक लिटरच्या बरण्यांत तोच गाळ आणि तेच सांडपाणी घ्या. एक कोरी, एकीत नत्र-स्फुरद, एकीत त्यासोबत झिंक-मँगनीज-मॅग्नेशियम. दिवसभर हवा देऊन प्रत्येकीत सारखंच सांडपाणी घाला, हवा बंद करा आणि डीओ मिनिटाला किती उतरतो ते मोजा. तिसऱ्या बरणीत डीओ दुसरीपेक्षा ठळक वेगाने उतरला, तरच पावडरवर पैसे घाला.