दक्षिण क्षितिजाच्या मागे: या मोसमाची नोंद

कृत्तिका, मृगाचा तेजोमेघ, देवयानी ही नेहमीची यादी बघून झाली होती, म्हणून यंदा ठरवलं, फक्त दक्षिण. आपण मुंबईकर १९ अंश अक्षांशावर राहतो. ध्रुव त्यामुळे जेमतेम १९ अंशांवर दिसतो, पण बदल्यात दक्षिणेचा जो पट्टा मिळतो तो लंडनवाल्यांना घरबसल्या जन्मात दिसायचा नाही. ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा दाट गोल गुच्छ तिथे क्षितिजाच्या वर येतच नाही. आपल्याकडे तो साडेतेवीस अंश चढतो.

भांडुपच्या आमच्या गच्चीवरून तो दिसत नाही, पण शोधायचा सराव मात्र गच्चीवरच होतो. चित्रा तारा बरोबर दक्षिणेला, आपल्या सगळ्यात उंच जागी आला की हात ताठ पुढे करून त्याच्या सरळ खाली साडेतीन मुठी मोजायच्या. एक मूठ साधारण दहा अंश. बस, तिथेच. चित्रा शहराच्या उजेडातही ठळक दिसतो, त्यामुळे मुठी मोजण्याची सवय घरीच लागते. एप्रिलच्या मध्याला ही वेळ रात्री साडेबाराच्या पुढे येते, कारण आपण प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरेच पश्चिमेला आहोत. पुढच्या दर महिन्याला दोन तास अलीकडे, मागच्या दर महिन्याला दोन तास पलीकडे धरा.

जागेवरून ग्रुपमध्ये बरीच वादावादी झाली. राजमाची सोयीची, पण दक्षिणेकडे खोपोली-लोणावळ्याचा उजेड. शेवटी हरिश्चंद्रगड. कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याची एसटी, खुबी फाट्याला उतरायचं, धरणाच्या बांधावरून खिरेश्वर आणि पुढे टोलारखिंड. यात एक गोम आहे. गडावर सगळे मंदिराजवळ थांबतात आणि तारामतीचं शिखर येतं नेमकं मंदिराच्या दक्षिणेला. म्हणजे आपल्याला हवा तोच आकाशाचा तुकडा डोंगरामागे. तारामतीवर उजेडात चढून जागा धरावी लागते. अंधारात नवख्यांना घेऊन तिथे चढू नये, हे माझं ठाम मत. हा भाग अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्कामाचं सध्या काय चालतं ते खिरेश्वरला विचारूनच वर जा.

आता सामान. एका मित्राला आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे जमिनीवर ठेवायचा मोठा टेलिस्कोप न्यायचा होता. म्हटलं, बाबा, तो कल्याण लोकलमध्ये चढवून दाखव, मग टोलारखिंडीचं बोलू. माझी १०x५० दुर्बीण किलोच्या आत आहे. तिच्या दोन नळ्यांमधल्या बिजागरीच्या टोकाला एक प्लॅस्टिकची टोपी असते, बरेच जण ती कधी उघडतच नाहीत. ती फिरवून काढली की आत पाव इंची स्क्रूचं भोक सापडतं. तिथे एल आकाराचा ब्रॅकेट बसतो. माझ्या ट्रेकिंग स्टिकची मूठ काढली की खाली तसाच स्क्रू आहे, त्यावर हा ब्रॅकेट चढवायचा आणि सॅकला टेकून, पाय पसरून, काठी मांड्यांमध्ये धरून बसायचं. दहापट मोठं दिसताना हाताची थरथरही दहापट होते. काठीने ती इतकी कमी होते की महागडी दुर्बीण घेण्याआधी प्रत्येकाने हे करून बघावं. हेडलॅम्पवर लाल जिलेटिन कागद दोन पदरी लावला. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकाने मोबाइल उघडला की सगळ्यांची मेहनत पाण्यात.

फेब्रुवारीच्या अमावास्येला पहाटे साडेतीनच्या पुढे उठून बसलो. थंडी आणि दव भरपूर, पण हवा एप्रिलपेक्षा कितीतरी स्वच्छ. नुसत्या डोळ्यांना ओमेगाच्या जागी एक पुसट तारा दिसला. १६०३ मध्ये ताऱ्यांचे नकाशे काढणाऱ्या बायरने त्याला ओमेगा हे ताऱ्याचंच ग्रीक अक्षर दिलं ते उगाच नाही. तो साधा तारा नाही हे खगोलशास्त्रज्ञ हॅलीने १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून नोंदवलं. दुर्बीण लावली आणि रांगोळीची चिमूट एकाच जागी सुटावी तसा गोळा समोर आला, मधे दाट, कडेला विरत गेलेला. सुटे तारे काही दिसले नाहीत, १०x५० मधून ती अपेक्षाही नाही. साधारण १७ हजार प्रकाशवर्षांवर, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा हा गुच्छ.

खरी कमाई मात्र वेगळीच. त्याच्या साडेचार अंश वर, म्हणजे दुर्बिणीच्या त्याच दृश्यात, सेंटॉरस ए ही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच एक दूरची आकाशगंगा असते. तिच्याकडे थेट बघितलं तर काहीच नाही. नजर जरा बाजूला ठेवली तेव्हा एक धुरकट ठिपका. मित्राला तो दिसेना, त्याला दुर्बीण किंचित हलवायला सांगितली आणि दिसला. हलती वस्तू अंधारात लवकर पकडली जाते. एप्रिलला पुन्हा गेलो तेव्हा ओमेगा सापडला, पण धुरळ्यात ही दीर्घिका कोणालाच दिसली नाही. त्यामुळे झोपमोड झाली तरी माझं मत फेब्रुवारीच्या पहाटेलाच.

त्रिशंकू, म्हणजे दक्षिणेचा चार ताऱ्यांचा क्रूस, अजून बाकी आहे. हस्त नक्षत्राच्या खाली, मध्य क्षितिजापासून फार तर अकरा अंश वर, त्यामुळे आमच्या धुरळ्यात खालचा तारा विरघळला. मे महिन्यात तो रात्री साडेनवालाच दक्षिणेला येतो, जागरण नको. हरिहरेश्वर मुंबईपेक्षा अंशभर दक्षिणेला आहे, पण समुद्रावरची दमट हवा अंशभराचा फायदा खाऊन टाकेल का, हा प्रश्न आहे. तिथून मे महिन्यात कोणी त्रिशंकू पाहिला असेल तर चारही तारे सुटे दिसले का, तेवढं कळवा.