तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, त्या जुन्या हॉटेलाबद्दल

भिशीला गेले की कुणीतरी विचारतंच, लग्नात पंगतीला बसले की विचारतात, परवा तर भाजी घेताना शेजारच्या सूनबाईनं विचारलं, "काकू, तुम्ही थायलंडला तीनदा गेलात म्हणे, मग फुकेत नाही, क्राबी नाही, दरवेळी त्या कुठल्याशा गावात त्याच जुन्या हॉटेलात का राहता?" रस्त्यात उभं राहून ह्याचं उत्तर देता येत नाही. मी नुसतं "छान आहे गं" म्हणते आणि विषय संपतो, पण मग घरी येऊन चुटपूट लागते की खरं काही सांगितलंच नाही. म्हणून आज नीट लिहिते.

गावाचं नाव नाखोन फानोम. थायलंडच्या ईशान्येला, इसान म्हणतात त्या भागात, मेकाँग नदीच्या अगदी काठावर. बँकॉकपासून साधारण साडेसातशे किलोमीटर, रेल्वे अजून पोचलेली नाही, एक तर विमानानं जायचं नाहीतर रात्रभराची बस. नाखोन म्हणजे आपलंच नगर. फानोम हा ख्मेर शब्द, डोंगर. पण गावात डोंगर एकही नाही, सगळे नदीच्या पलीकडे लाओसमध्ये, चुनखडीचे, एकामागे एक सुळके, आणि गावानं नाव घेतलं ते समोर दिसणाऱ्या त्या डोंगरांवरून. म्हणजे दुसऱ्याच्या देशातले डोंगर पण नाव आपल्या गावाला, मला हे फार आवडलं होतं पहिल्यांदा कळलं तेव्हा.

२०२२च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा गेलो. मुलगी तेव्हा बँकॉकला नोकरीला होती, तिच्या ऑफिसातल्या बाईंचं माहेर त्या बाजूचं, त्यांनी सुचवलं की आईबाबांना गर्दी नको असेल तर तिकडे पाठव. हॉटेल मुलीनंच बुक केलं, फोटो बघून ह्यांचा चेहरा जरा उतरला होता कारण फोटोत सगळं जुनं दिसत होतं, जाड पडदे, तपकिरी लाकडी पलंग, गालिचा. पोचल्यावर दिसलं की फोटो खरेच होते. मोठी पांढरी इमारत, आत शिरल्यावर संगमरवरी फरशीची मोठ्ठी लॉबी, लाकडी कोरीव खुर्च्या, राजाचा फोटो, बाहेर अंगणात खांबावरचं छोटंसं देऊळ, जागेच्या रखवालदार देवाचं, त्याच्यापुढे झेंडूची माळ आणि लाल सरबताची बाटली स्ट्रॉ घालून ठेवलेली. लिफ्ट हळू. खोली मात्र एवढी मोठी की आमचा हॉल आणि स्वयंपाकघर मिळून तेवढं होईल. आणि बाल्कनी. बाल्कनीचं दार सरकवलं आणि समोर दुसरं काहीच नाही, खाली रस्ता, फुटपाथ, आणि मग नदी, आणि मग लाओस.

पहिल्या रात्री एसीतून पाणी गळायला लागलं, तेही सांगते, कारण जुन्या हॉटेलात असं होतं हे धरूनच जायला हवं. खाली सांगितलं, पाच मिनिटांत एक पोरगा आणि एक वयस्कर बाई वर आल्या, हात जोडून माफी मागितली, आमच्या बॅगा त्यांनीच उचलल्या आणि वरच्या मजल्यावर दुसरी खोली दिली. ती बाई मला "पा" म्हणाली. पा म्हणजे आईची किंवा वडलांची मोठी बहीण, आपली मावशी-आत्या. तेव्हापासून त्या हॉटेलात मी पा आणि हे "लुंग", म्हणजे काका.

आता एवढ्या आडबाजूच्या गावात एवढी मोठी हॉटेलं कशाला बांधली असतील हा प्रश्न ह्यांना पडला, आणि एक प्रश्न पडला की ते सोडत नाहीत, रोज रात्री वाचत बसायचे. झालं असं की व्हिएतनाम युद्धाच्या काळात नाखोन फानोमला अमेरिकेचा मोठा हवाई तळ होता, आजचा विमानतळ म्हणजे तीच जागा. युद्ध संपलं, अमेरिकन गेले, नदीपलीकडे लाओसमध्ये १९७५ साली कम्युनिस्ट राजवट आली आणि ही सगळी सीमा गोठल्यासारखी झाली. मग १९८८ साली चातिचाई चुन्हावान थायलंडचे पंतप्रधान झाले, त्यांनी म्हटलं की रणांगणांचे बाजार करू या, म्हणजे लाओस, कंबोडिया, व्हिएतनामशी भांडण नको, व्यापार करू. थायलंडमध्ये तो भरभराटीचाच काळ होता, जिल्ह्याजिल्ह्यात मोठमोठी हॉटेलं उभी राहिली, सरकारी परिषदा, लग्नं, व्यापारी येतील म्हणून. आणि १९९७च्या जुलैत बाट, म्हणजे तिथलं चलन, कोसळला, तिथूनच सगळ्या आशियाचं ते आर्थिक संकट सुरू झालं. हॉटेलं तेवढी राहिली. नदीकाठची सगळ्यात चांगली जागा त्यांनी आधीच घेतलेली, खोल्या मोठ्या कारण तेव्हा हात आखडता नव्हता, आणि भाडं कमी कारण फर्निचर त्याच काळातलं. हे कळल्यावर मला त्या लॉबीतल्या रिकाम्या मोठ्या खुर्च्यांकडे बघून वाईट वाटायचं, कुणीतरी केवढ्या आशेनं मांडल्या असतील.

भाडं विचारता तर आम्ही आठशे-नऊशे बाट दिलेत, नाश्ता धरून, म्हणजे आपले दोन ते अडीच हजार रुपये दोघांचे. नव्या चकचकीत हॉटेलात ह्याच्या तिप्पट दिले असते तर तीन दिवसांत परत आलो असतो. इथे नऊ दिवस राहता आलं. माझ्या दृष्टीनं स्वस्ताईचा खरा उपयोग तो, पैसे वाचले ह्यापेक्षा दिवस मिळाले, आणि नदी काही तीन दिवसांत कळत नाही हो. पहिले दोन दिवस तुम्ही फोटो काढता. चौथ्या दिवशी लक्षात येतं की सकाळी पाण्याचा रंग वेगळा आणि दुपारी वेगळा, मासेमारीची ती अरुंद होडी रोज त्याच वळणावर इंजिन बंद करते आणि प्रवाहावर वाहत खाली येते. सहाव्या दिवशी तुम्ही काहीच करत नाही, नुसते बसता.

गाव नदीच्या पश्चिम काठावर, त्यामुळे सूर्य लाओसमधून उगवतो, त्या सुळक्यांच्या मागून, आणि पाण्यावरून सरळ तुमच्या बाल्कनीत येतो. सहाच्या आधी उठायचं. हॉटेलच्या नाश्त्यात तांदळाची पेज, अंडी, पाव, फळं, आम्हाला पुरेसं होतं, पण खरा नाश्ता बाहेर. ह्या गावात व्हिएतनामी लोक फार पूर्वीपासून आलेले, म्हणून तांदळाच्या वाफवलेल्या पातळ पापडात सारण भरून देतात ते पाक मो मिळतं, आणि छोट्या ॲल्युमिनियमच्या कढईत अंडी, बरोबर छोटा लांबट पाव. आम्ही अंडी खातो, मांसमच्छी नाही, तेव्हा "मांगसाविरात" हा एक शब्द पाठ करून ठेवला होता, शाकाहारी. शिवाय पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की ते "जे" जेवण, त्यात मांस नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. फिश सॉस मात्र प्रत्येक ठिकाणी विचारूनच घ्या.

मग काठाकाठानं चालायचं. सायकलींसाठी आणि चालणाऱ्यांसाठी लांबच लांब रस्ता केलाय. वाटेत सात फण्यांचा मोठा पितळी रंगाचा नाग, तोंड नदीकडे, तोंडातून पाणी सोडणारा. त्याचं नाव फाया सी सत्तानाखारात, आता हे सावकाश म्हणून बघा, श्री सत्त नागराज, सत्त म्हणजे पालीत सात. लोक फुलं, उदबत्त्या घेऊन येतात, नागपंचमीला आपण जसे जातो अगदी त्याच चेहऱ्यानं. जवळच घड्याळाचा मनोरा आहे, तो १९६० साली व्हिएतनामी लोकांनी मायदेशी परत जाताना गावाला दिला, आसरा दिलात म्हणून. गावाबाहेर ना चोक नावाच्या वस्तीत व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह १९२०च्या दशकाच्या शेवटी लपून राहिले होते, ते साधं लाकडी घर बघता येतं.

एक दिवस थात फानोमला गेलो, दक्षिणेला पन्नासेक किलोमीटर. थात म्हणजे धातू, बुद्धाच्या अस्थी. तिथे छातीचं हाड आहे अशी श्रद्धा, त्याला म्हणतात उरांगखाथात, उर, अंग आणि धातू, मी तिथे उभ्या उभ्या ह्यांना फोड करून सांगितली आणि शेजारच्या बायका बघायला लागल्या. तो स्तूप ११ ऑगस्ट १९७५ला मोठ्या पावसात कोसळला होता. सगळाच्या सगळा. लोकांनी देणग्या दिल्या आणि १९७९ पर्यंत परत तसाच उभा केला. ऑगस्टचा पाऊस आणि कोसळणं हे वाचलं आणि मला तिथे पायरीवर बसावं लागलं.

कारण आता खरं उत्तर आलं.

आम्ही सांगलीचे, गावभागातले. कृष्णामाईच्या काठी माझं सगळं आयुष्य गेलं, घाटावर पोरं पोहायला शिकली, संध्याकाळी फिरायला तिथेच. पण सांगलीत पावसाळ्यात सकाळी पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पाणी तिथे मोजतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी होतं, आम्हाला बोटीतून काढलं, सासूबाईंचं लाकडी कपाट, माझी सव्वीस वर्षांची शाळेची टाचणं, फोटो, सगळं चिखल झालं. घर परत उभं केलं, रंग दिला. पण मी नदीवर जायचं सोडलं. चार वर्षं घाटाची पायरी उतरले नाही. कुणाला सांगितलं पण नाही, फिरायला विश्रामबागकडे जायला लागले इतकंच.

त्यामुळे मुलीनं नदीकाठचं हॉटेल बुक केलं तेव्हा मी गप्प राहिले, पहिल्या दोन रात्री बाल्कनीचा पडदा ओढून झोपले. तिसऱ्या पहाटे हे झोपलेले, मी पडदा सरकवला आणि उजाडेपर्यंत उभी राहिले. नोव्हेंबर होता, पाणी उतरतं होतं, पलीकडे लाओसमधल्या थाखेक गावाचे दिवे एकेक विझत होते. काही झालं नाही. पाणी वाहत होतं आणि मी बघत होते.

दुसऱ्यांदा गेलो ते मुद्दाम भाद्रपदात, २०२३ला. हे नको म्हणत होते. त्या दिवसांत मेकाँग लाल-तपकिरी, अख्खी झाडं वाहून येतात, वेग असा की आवाज वर खोलीपर्यंत येतो. एका रात्री पाऊस थांबेना आणि मला झोप येईना. दोनच्या सुमाराला मी एकटीच खाली गेले, समोरच्या काठावर पायऱ्या आहेत, संध्याकाळी मी पाण्याच्या वर मोजून ठेवल्या होत्या अकरा, आता आठ होत्या. रात्रपाळीचे रखवालदार काका छत्री घेऊन मागे आले. ना त्यांना इंग्रजी येत, ना मला थाई, मी बोटांनी दाखवलं, अकरा, मग आठ. त्यांना कळलं. त्यांनी भिंतीवर एका उंचीला हात लावून दाखवला, मग पाठीमागे हात करून दाखवलं की पूर्वी इथवर आलं होतं, मग नदीकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "मे खोंगखा." मे म्हणजे आई. खोंगखा म्हणजे गंगा. थाईत नदीलाच मे नाम म्हणतात, पाण्याची आई, आणि लोय क्राथोंगच्या पौर्णिमेला दिवे सोडून ते ह्याच खोंगखामाईची क्षमा मागतात, की तुझं पाणी वापरलं, घाण केलं. मी पण हात जोडले. आम्ही दोघं छत्रीत तसेच थोडा वेळ उभे होतो. मग मी वर जाऊन झोपले, सकाळी आठाला उठले, तोवर सात पायऱ्या राहिल्या होत्या.

त्या वर्षी परत आल्यावर दिवाळीच्या आधी मी घाटावर गेले. खाली शेवटच्या पायरीपर्यंत.

तिसरी खेप गेल्या ऑक्टोबरची, तिकडचा भिक्षूंचा वर्षावास संपतो ती पौर्णिमा, बहुतेक वर्षी ती आपली कोजागिरीच असते. त्या दिवसांत नदीत बांबूच्या प्रचंड चौकटींवर हजारो दिवे लावून होड्या सोडतात, लाय रुआ फाय, अख्खा नाग, अख्खं देऊळ पेटलेलं पाण्यावरून सरकत जातं. बाल्कनीत बसून आम्ही दूध आटवलं नाही पण पाकिटातलं गरम करून प्यायलो. त्या आठवड्यात भाडं वाढतं आणि खोल्या महिनोन् महिने आधी संपतात, तेव्हा जायचं असेल तर लवकर बघा. बाकी वर्षभर खोल्या असतात. आणि बुक करताना नदीच्या बाजूचीच मागा, मागच्या रस्त्याच्या बाजूची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, "वीव मे नाम" एवढं म्हटलं की त्यांना कळतं.