घोळणा फुटणारा मुलगा

चौदा वर्षांच्या त्या मुलाचा घोळणा वर्षभर फुटत होता. उष्णतेमुळे होते असे समजून घरच्यांनी त्याला सब्जा आणि गुलकंद दिला, कांदा फोडून हुंगवला. त्यांना दोष देता येणार नाही, कारण बहुतेक मुलांचा घोळणा खरोखरच किरकोळ कारणाने फुटतो. याची मात्र डावी नाकपुडी पूर्ण बंद होती आणि रक्तही नेहमी त्याच बाजूने येई.

दुर्बीण घातली तेव्हा आत खोलवर गुळगुळीत, लालसर जांभळी गाठ दिसली. निवासी डॉक्टरने बायॉप्सीचा चिमटा उचलला, तसा मी त्याचा हात धरला. वयात येणाऱ्या मुलात अशी गाठ दिसली की अँजिओफायब्रोमाचा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पण कर्करोग नसलेल्या गाठीचा, संशय घ्यायचा आणि ओपीडीत तुकडा काढायचा नाही. या गाठीतल्या रक्तवाहिन्यांना स्नायूंचा पुरेसा थर नसल्याने त्या कापल्यावर आकसत नाहीत, नुसत्या वाहत राहतात. सीटी स्कॅनमध्ये गाठीने सायनसची मागची भिंत पुढे ढकललेली दिसली आणि शंका उरली नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी जांघेतून कॅथेटर नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या मॅक्सिलरी धमनीच्या शाखा बारीक कणांनी बंद केल्या. पूर्वी अशा गाठीसाठी नाकाच्या कडेने चेहरा उघडावा लागे. आम्ही नाकाच्या पडद्याचा मागचा भाग काढून दोन्ही नाकपुड्यांतून दोघांनी मिळून काम केले, म्हणजे एकाच्या हाती दुर्बीण आणि सक्शन, दुसऱ्याचे दोन्ही हात मोकळे. गाठ मुळाशी सुटत आली आणि मॉनिटर एकाएकी लाल झाला. अशा वेळी हात चालवत राहण्याचा मोह होतो, तोच आवरायचा असतो. अ‍ॅड्रिनलिनची पट्टी दाबून, कोमट सलाइन सोडत आम्ही पाच मिनिटे नुसते थांबलो. भूलतज्ज्ञ मॅडमनी रक्तदाब आधीच उतरवून ठेवला होता. मग धमनीचे तोंड दिसले, क्लिप बसली. गाठ नाकपुडीतून निघेना, म्हणून घशात ढकलून तोंडावाटे काढली. जिथून ती उगवली होती तिथले हाड शेवटी ड्रिलने घासले. तिथे उरलेला धागासुद्धा पुन्हा वाढतो.

तिसऱ्या दिवशी नाकात भरलेली पट्टी (पॅक) काढल्यावर मुलाने उजवी नाकपुडी बोटाने दाबून श्वास घेतला आणि म्हणाला, "स्पिरिटचा वास येतोय." त्याच्या आईची शंका वेगळीच होती: "डॉक्टर, आता कोंबडी दिली तर चालेल का? उष्ण असते म्हणून वर्षभर बंद केलीय."

"खुशाल द्या," मी म्हणालो, "फक्त काही आठवडे नाक जोरात शिंकरू देऊ नका."